बँक बुडाली म्हणतात

मी शाळेत असताना सुरतच्या गोडादऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका पतपेढीचं ऑफिस होतं. तिच्या वतीनं एक मावशी रोज संध्याकाळी घरोघर फिरून पैसे गोळा करायची. ती आमच्यासारखीच खानदेशातली, मागच्या गल्लीत राहणारी. आईशी अहिराणीत गप्पा मारायची, चहा घ्यायची आणि पावती फाडून द्यायची. माझे वडील, म्हणजे आबा, कापडाच्या लूमवर कामाला होते. भाड्याची खोली सोडून स्वतःची घ्यायची म्हणून ते मावशीकडे पैसे भरायचे.

एका सकाळी पतपेढीचं शटर उघडलंच नाही. आत ज्या संचालकांचे सत्कारातले फोटो होते, त्यांच्यातलं कुणी पुन्हा सुरतेत दिसलं नाही. आमची खोली भाड्याचीच राहिली. थोड्याच दिवसांत मावशी बिऱ्हाड हलवून शहराबाहेर कडोदऱ्याकडे गेली, एवढंच मला कळलं.

त्यानंतर आबांनी पाटी लावलेल्या कुठल्याच ठिकाणी पैसा ठेवला नाही. गावाकडच्या माणसांची भिशी होती, तिच्यात भरायचे. "तिथं समोर माणसाचं तोंड दिसतं," म्हणायचे. आबा घरात अहिराणीच बोलतात. मी त्यांचं बोलणं माझ्या शाळेतल्या मराठीत सांगते आहे, एवढं समजून घ्या.

पुढे मी कॉमर्स केलं आणि एका सहकारी बँकेत कॅशियर झाले. शाखा घरापासून चालत जाण्याएवढी जवळ. पहिल्या पगाराला पेढे हातावर ठेवत मी आबांना म्हटलं, "आता तरी खातं उघडा. तिथं मी बसते."

"तू बसतेस," आबा म्हणाले, "पण बँक तुझी नाही."

मला राग आला.

मागल्या वर्षी दुसऱ्या कुठल्याशा शहरातल्या एका बँकेवर पैसे देण्याचे निर्बंध आले. तिचं नाव आमच्या बँकेच्या नावासारखं होतं. त्या बातमीवरून कुणीतरी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला, 'बँक डूबी गई छे, जल्दी काढी लो.' तो लूमच्या कारखान्यांतून फिरत फिरत सकाळी शाखा उघडण्याआधीच आमच्या दारात पोचला. मी गेले तेव्हा रांग रस्त्यापर्यंत गेली होती. माणसं पाळी अर्धी टाकून आली होती. केसांत, भुवयांवर लूमचे तंतू तसेच. आमचे मॅनेजर दारात खुर्चीवर उभे राहून गुजरातीत आणि हिंदीत समजावत होते की ती बँक वेगळी, आपली वेगळी. लोक ऐकत होते, माना डोलावत होते आणि रांगेत तसेच उभे राहत होते.

मॅनेजर आत येऊन मला म्हणाले, "बेन, कोणालाही नाही म्हणायचं नाही. हेड ऑफिसातून रोकड निघाली आहे. हसतमुखानं देत राहा."

मी देत राहिले. रोज मला 'बेन, केम छो' विचारणारी माणसं त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडायला आलेल्या एका बाईला मी म्हटलं, "काकी, व्याज जाईल तुमचं."

"जाऊ दे," ती म्हणाली. मग एकदम वाकून हळू आवाजात तिनं विचारलं, "तुझे पैसे कुठं आहेत गं?"

"इथंच. पगार इथंच होतो."

"मग तू काढलेस का?"

मी नाही म्हटलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी खोटं तरी बोलते आहे, नाहीतर भोळी तरी आहे. ती गेल्यावर मी कॉम्प्युटरवर स्वतःचं खातं उघडलं. आमच्या तिजोरीत काय आहे, बँकेची कर्जं कशी आहेत, हे मला त्या रांगेतल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. बँक बुडत नव्हती. तरीही काही क्षण माझं बोट तिथंच थांबलं. मग मी पैसे न काढता खात्याचं पान मिटलं आणि पुढचं टोकन पुकारलं. भीतीचा आणि माहितीचा फारसा संबंध नसतो, हे मला तेव्हा कळलं.

दुपारी बघते तर आबा आत, भिंतीला टेकून उभे. वॉचमननं त्यांना टोकन घ्यायला सांगितलं, तर म्हणाले, "मला काही काढायचं नाही." मला वाटलं, 'मी सांगत होतो ना,' असं तोंडावर म्हणायला आले असणार. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मध्येच रोकड यायला उशीर झाला, रांगेत रेटारेटी झाली आणि काउंटरची काच हादरली. एका माणसानं मला शिवी घातली. तेव्हा आबा भिंतीपासून सुटले आणि काउंटरच्या बाजूला येऊन उभे राहिले. रोकड आली, रांग सरकायला लागली, तरी ते तिथून हलले नाहीत.

शेवटच्या माणसाला पैसे देऊन आम्ही संध्याकाळी शटर ओढलं. "चाल, घर चाल," आबा म्हणाले.

वाटेत मीच चिडून विचारलं, "पाळी बुडवून कशाला आलात? खातंसुद्धा नाही तुमचं."

आबांनी आधी रस्ता ओलांडला. मग म्हणाले, "पतपेढी बंद झाली तेव्हा आम्ही सगळे त्या पावती फाडणाऱ्या बाईच्या दारात गेलो होतो. ती रडून सांगत होती की माझेपण त्यातच गेले. कुणी ऐकलं नाही. कुणीतरी तिचा हात ओढला, बांगड्या फुटल्या, रक्त आलं. मी हात लावला नाही. पण ओरडत मीपण होतो." थोडं पुढं जाऊन ते म्हणाले, "ती काही गुंड माणसं नव्हती. आपलीच होती. आज कारखान्यात तसंच बोलणं कानावर आलं आणि मला तिच्या जागी तू दिसायला लागलीस."

मी त्यांच्या शर्टाच्या बाहीवरचे तंतू झटकत चालत राहिले.

बँक बुडाली नाही. दोन-तीन दिवसांत गर्दी ओसरली. बरेच लोक परत आले, काही कधीच आले नाहीत. आबांच्या शेठनं पगार खात्यात द्यायला सुरुवात केली, म्हणून त्यांना खातं काढावं लागलं. ते आमच्याच शाखेत काढलं, पण पगाराच्या दिवशीच सगळा काढून नेतात आणि माझ्याच काउंटरवर अनोळखी माणसासारखे मोजतात. मी आता काही म्हणत नाही.

हल्ली एक मराठवाड्याचा गडी दर महिन्याला येतो. बांधकामावर आहे. खात्यातले सगळे पैसे काढतो, बाकावर बसून मोजतो, नोटा नीट लावतो आणि पुन्हा भरण्याची स्लिप लिहून माझ्याकडे देतो. शेजारच्या काउंटरवरची पोरगी वैतागते, उगाच दोनदा काम म्हणते. एकदा तिनं त्याला विचारलंच, "दादा, भरायचेच होते तर काढले कशाला?"

"आहेत का ते बघितलं, ताई," तो म्हणाला.

मी त्याच्या नोटा मशीनला लावल्या आणि पावतीवर शिक्का मारून दिला.