पेटलेल्या उसात अण्णा

मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीमागे आज कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं. तो गोडसर, करपट वास गॅलरीत आला आणि मी पुन्हा सोळा वर्षांची झाले.

तेव्हा असंच पाचट जाळताना वारा फिरून आमचा उभा ऊस पेटला. माझे वडील, अण्णा, पाय मुरगळून आत अडकले होते. पाटाच्या पाण्यात गोधडी भिजवून अंगावर घेतली आणि मी आत शिरले.

"मागं फिर! मरायचंय का तुला?" अण्णा ओरडले. मग शिव्याच दिल्या. त्यांच्या काखेत हात घालून मी त्यांना फरफटत पाटात आणलं.

त्या शिव्यांचा तेव्हा राग आला होता. आज माझी मुलगी सोळाची आहे, आता त्या कळतात.

त्या दिवशी आई धावत आली. पाण्यात खोकत बसलेले अण्णा छाती फुगवून म्हणाले, "पोरगी कुणाच्या बापाचं ऐकत नाय!"