आबांचं रोजचं पान

भूक लागल्यावर ताटाआधी छापील कागद मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. महायुद्धाच्या आधी आंदर मावळातल्या एका शाळेवर मी मास्तर होतो, तेव्हाचे हे आबा. चाळिशी उलटल्यावर ते माझ्या आधीच्या मास्तरांकडून अक्षरं शिकले, आणि एक पान वाचल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही असा नेम धरून बसले. गावात पुस्तक म्हणजे एक पोथी, ती त्यांनी तीनदा संपवलेली. मग वाण्याच्या पुड्यांचे कागद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, रेल्वेचं जुनं वेळापत्रक, काहीही चालायचं. गुडघाभर चिखलात भात लावता लावता ते शेजाऱ्यांना ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांची निगा समजावत. ऐकत कुणीच नसे. शिवाय पुडी जिथं फाटे तिथं आबांचं ज्ञानही फाटे. ग्रहण कसं लागतं ते एकदा हळदीच्या पुडीवर अर्धंच सापडलं, तेव्हा उरलेला कागद जिच्या पुडीला गेला त्या बाईच्या शोधात आबा दोन डोंगर ओलांडून गेले. तिनं त्यावर चूल पेटवली होती. "माझं अर्धं गिराण जाळलंस की गं, बये!" म्हणून हा म्हातारा तिच्या उंबऱ्यात बसून खरोखर रडला.

पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. एका दुपारी त्यांची सून शाळेत धावत आली, "मास्तर, आबा दोन दिस जेवलं न्हाईत." जाऊन पाहतो तो पडवीत आबा कागद उलटा धरून बसलेले. मी तो सुलटा करून दिला.

"अक्षरं दिसंनात, मास्तर," ते म्हणाले. "आन् वाचलं म्हनून खोटं सांगून जेवावं, तर घास उतरंना."

तेव्हापासून रोज मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं. पुण्याला नेऊन एका डोळ्याचा मोतीबिंदू काढवला, तर तो डोळाच कायमचा गेला. दुसऱ्याला त्यांनी हात लावू दिला नाही. सुनेला शिकवायला घेतलं, ती जोडाक्षरांपर्यंत आली आणि घरच्या कामानं तिला ओढून नेलं. तेवढ्यात माझी बदली झाली. खरं सांगायचं तर नोकरी लागल्यापासून आबांसाठी म्हणून जे वाचलं, त्यापलीकडे मी एक पान उलटलं नव्हतं.

निघालो त्या सकाळी आबा काठी टेकत गाडीपाशी आले. पत्र टाका म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी चाचपत माझा हात धरला.

"मास्तर, खरं सांगा. जगात आजून किती वाचायचं ऱ्हाइलंय?"

मला त्यांच्याकडे बघवेना. "थोडंच, आबा," मी म्हणालो.

त्यांनी हात सोडला. चेहरा हलका झाला.

"मंग बरं. मला वाटलं, लय ऱ्हाइलं."