विहिरीतली नीळ

भूम-परंड्याकडच्या आमच्या छोट्या शहरात मी नगरपालिकेच्या सफाई कामगारांचा मुकादम होतो. मुकादम म्हणजे गटार वाहतं तोवर कुणाच्या नजरेत न भरणारा आणि तुंबलं की गावभर शिव्या खाणारा माणूस. ऐंशीनंतरच्या त्या दुष्काळात गटारं तुंबायचीही बंद झाली. लोक परातीत बसून अंघोळ करायचे आणि ते पाणी म्हशीला पाजायचे. मग गटारात जाणार काय, डोंबल?

एकच गटार तेवढं वाहतं होतं. दूध संघाच्या केंद्रात रोज सकाळी कॅन धुतले जायचे. ते पाणी वाटेतली थोडीफार घाण घेत फरशांखालच्या जुन्या दगडी गटारातून, पेठेतल्या विहिरीच्या पाठीमागून ओढ्याला जायचं.

पेठेतली ती विहीर कोरडी पडली होती आणि एक दिवस तिला पाणी आलं. झरा फुटला म्हणून लोक नाचले, नारळ फोडले, बायकांनी विहिरीची ओटी भरली. पाणी गोड आहे, असं जो तो म्हणू लागला.

आम्ही बौद्ध. कायदा कधीच झाला होता, पण तो पेठेतल्या विहिरीला कुणी कळवला नव्हता. माझी माय आयुष्यभर त्या विहिरीपासून लांब घागर घेऊन उभी राहिलेली, कुणीतरी वरून ओतेल म्हणून. पण पाणी वर आलं तसं लोकांचं मनही मोठं झालं. एक बाई तिला म्हणाली, "आक्का, या की. शेंदा तुमच्या हातानं." माय घरी आली ती रडतच. पोहरा कसा बुडाला, दोर हाताला कसा लागला, हेच ती मला पुन्हापुन्हा सांगत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात मी ओढ्याकडं गेलो. गटाराचं तोंड कोरडं ठणठणीत होतं, आत कुत्रं झोपलेलं. कॅन तर रोज धुतले जात होते. मग पाणी जात कुठं होतं?

पेठेत जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या, आमच्या वस्तीतही. दवाखान्यात लोक व्हरांड्यात झोपवले होते. मी नगरपालिकेतल्या साहेबांना सांगितलं, गटार विहिरीत फुटलंय. साहेब म्हणाले, "कशावरून?"

मी पेठेतल्या किराणा दुकानातून कपड्याची होती नव्हती तेवढी नीळ आणली आणि केंद्राजवळच्या फरशीखाली ओतली. दुपारपर्यंत विहिरीच्या दगडांतून निळी धार उतरली.

मी धावत गेलो तर तिथं घंटा वाजत होती! दुकानवाले अप्पा, महादेवाचे मोठे भक्त, हात जोडून उभे होते. "नीळकंठ परसन्न झाला रं," ते म्हणाले. बायका ते पाणी तीर्थ म्हणून लेकरांच्या तोंडात घालत होत्या. मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना.

"अप्पा," मी ओरडलो, "ती तुमच्याच दुकानातली नीळ हाय! म्या गटारात वतली सकाळी. गटाराचं पाणी पाजताय लेकरांना!"

लेकरांच्या तोंडाशी गेलेले हात थांबले. मला वाटलं, आता कळलं. मग मागून एक जण म्हणाला, "म्हंजी तुमचा निळा झेंडा आमच्या हिरीत कालवलास व्हय?"

गटार हा शब्द कुणी ऐकलाच नाही. ऐकला तो फक्त निळा. लोक अंगावर आले. मला अप्पांनीच बाजूला ओढलं, नाहीतर हातपाय राहिले नसते.

दुसऱ्या दिवशी मी माझे कामगार घेऊन गटार उकरलं. फुटका दगड काढून सिमेंट भरलं. निळी धार पाहून साहेबांनी पोलीस दिला होता म्हणून काम झालं. दोनेक दिवसांत विहीर तळाला गेली. पेठेत कुणी म्हणालं नाही की गटार दुरुस्त झालं. म्हणाले, यानं देवाचा झरा बुजवला. जुलाब थांबले, त्याचं श्रेय विहीर आटल्यावर आलेल्या टँकरला मिळालं. त्या टँकरवर माय पुन्हा लांब उभी, घागर पुढं करून.

संध्याकाळी ती घरी नव्हती. विहिरीच्या काठावर बसलेली सापडली. पोहरा आत सोडलेला, खाली खडकावर खडखडत होता. मला पाहूनही तिनं दोर सोडला नाही.

"माय, चल. ते गटाराचं पाणी होतं."

"असंल," ती म्हणाली. "पर माझ्या हातानं शेंदल्यालं व्हतं."