बैलाच्या कपाळावरची चकती

आमच्या घरात वडिलांना अप्पा म्हणतात. अप्पांनी लातूरला जन्मभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. दुकान बंद केलं तेव्हा कामाचं टेबल घरी आणून ठेवलं, आणि त्याच टेबलावर मी, पॉलिटेक्निकात शिकवणारी त्यांची मुलगी, मेळाव्याचे बॅज बनवते.

हा मेळावा नांदेडला भरतो. यंत्रं उघडून बघायची खोड असलेली माणसं दोन दिवस जमतात आणि प्रत्येकाच्या गळ्यात चालतं सर्किट असलेला बॅज असतो. आधी तो पुण्याहून बनून यायचा. तीन वर्षांपूर्वी मी बैठकीत भांडून ते काम मागून घेतलं. "जमलं नाही तर पुढच्या वर्षी परत पुण्याला," असं मला तोंडावर सांगण्यात आलं. माझं डोकं लवकर फिरतं. मी म्हटलं, जमेल.

बॅज म्हणजे लाल कंधारी बैलाचं तोंड. बोर्डच लाल रंगाचा घेतला. डोळ्यांच्या जागी दोन दिवे, कपाळावर तांब्याची उघडी गोल चकती आणि तिच्याभोवती बारीक कडं. चकती आणि कडं या दोन्हींना मिळून बोट लावलं की डोळ्यांचा रंग बदलायचा. चाळीस बॅज आम्ही दोघांनी हाताने जोडले. मोठे सांधे अप्पांचे, बारीक माझे. सगळे तपासले, सगळे चालले.

निघायच्या सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात अप्पांची लिंगपूजा आटोपली. बाहेर येते तर बॅज प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, पिशव्यांची तोंडं चिकटवून, खोका बांधून तयार. मला बरंच वाटलं. बसमध्ये अप्पांच्या शेजारी खोका नांदेडपर्यंत मांडीवर धरून बसले.

सभागृहात खोका उघडला. पहिला बॅज चालू केला, तर डोळे आपोआप रंग बदलत सुटले. दुसरा तसाच, तिसराही. मग नीट बघितलं. प्रत्येक बैलाच्या कपाळाला विभूती होती, ओली कालवून, अंगठ्याने, बरोबर चकतीवर लावलेली. बंद पिशवीत ती वाळलीच नव्हती आणि ओल चकतीपासून कड्यापर्यंत पसरली होती. सर्किटच्या लेखी चाळीसही कपाळांवर कुणीतरी बोट ठेवून बसलं होतं.

उद्घाटनाला तासभर होता. "अप्पा, तुम्हाला कुणी सांगितला होता हा उद्योग?" मी चार लोकांसमोर ओरडले.

"कोरं कपाळ बरं दिसंना, माय," अप्पा म्हणाले. मग एक बॅज डोळ्यांजवळ धरून बघितला. "चुकलं माझं. ओल्यातून करंट जातो, हे मीच तुला शिकवलं."

ते उठून बाहेर गेले आणि समोरच्या मेडिकलमधून स्पिरिटची बाटली आणि टूथब्रश घेऊन आले. आम्ही सतरंजीवर बसलो. ते घासायचे, मी कापसाने पुसून तपासायची. तासाभरात चाळीसही बैल ताळ्यावर आले आणि बॅजचं काम लातूरला राहिलं. पण अप्पा स्वतः लावलेली विभूती स्वतःच्या हाताने काढत होते आणि मला माझ्या आवाजाची लाज वाटत होती. माफी मागायला हवी होती. आमच्या घरात ती कुणालाच मागता येत नाही.

पुढच्या वर्षी मी चकती कानाखाली सरकवली. कपाळावर पांढऱ्या रेघेचा एक रिकामा गोल सोडला, त्याच्याखाली तांबं नाही की काही नाही. मेळाव्यात हमखास कुणीतरी विचारतं, "मॅडम, इथला पार्ट बसवायचा राहिला का?" मी म्हणते, राहिला नाही. आता अप्पा आदल्या दिवशी विभूती लावतात, बैल पंख्याखाली वाळतात आणि मगच पिशवीत जातात.

यंदा अप्पांचा हात थरथरतो. सोल्डरिंग त्यांनी आपणहून सोडलं. बोर्ड बनवायला देताना मी तो गोल दोन मिलिमीटरने वाढवला, कुणाला काही बोलले नाही. परवा ते टेबलाशी बसले, पहिल्या बैलाला अंगठा टेकवला आणि बोर्ड डोळ्यांजवळ नेला.

"कपाळ मोठं केलंस का गं, माय?"

"हाव," मी म्हणाले. "नवीन डिझाइन हाय."

"बरं केलंस," अप्पा म्हणाले आणि पुढचा बैल ओढला.