शेंदराचा कुंचला

जरा जवळ बसा. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तोवर त्याला नाही, लेकीला नाही. देवापुढं हात जोडले की ओठावर यायचं आणि तिथंच अडायचं. देवाला ठाऊक असेलच की, मग सांगायचं कशाला — अशी स्वतःची समजूत घालून मी घरी यायची. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपण तोंडानं सांगणं वेगळं, नाही का?

मला अजून भीती वाटते. या वयात कोण मला काय करणार आहे? तरी वाटते. हे बघा, एवढं बोलले तर तळहात ओले झाले.

आधी कामाचं सांगते. तिथून सुरुवात केली की कदाचित पुढचं बोलवेल.

माझं माहेर नगरचं. वडील गणपती करायचे. दिली तिसगावला, कुंभाराच्याच घरात, पण इथं नुसती मडकी, रांजण, चुली. या घरात रंग आला तो माझ्याबरोबर. आणि मग ती दुष्काळाची वर्षं आली. लोक बहात्तरचा दुष्काळ म्हणतात, आमच्या बाजूला पाऊस त्याच्या आधीपासूनच दडी मारून बसला होता. रांजणाची माती भिजवायची तर पाणी कुठलं? पुरुष सरकारी कामावर खडी फोडायला गेले. तेव्हा मी आत्याबाईंना — सासूला मी आत्याबाई म्हणायची — म्हटलं, आपण चित्रं करू. बोटाएवढी मातीची चित्रं, गौरीपुढं पाटावर मांडायला. लंकेची लढाई. पसाभर मातीत ढीगभर होतात, पाणी तांब्याभर पुरतं.

आणि चाललं की ते! शिंगांचे राक्षस, सुळ्यांचे राक्षस, घोरत पडलेला कुंभकर्ण, झाडं उपटून निघालेली माकडं, दहा तोंडांचा रावण. नगरचे दुकानदार टोपल्याच्या टोपल्या उचलायचे. माझ्या हातावर घर चाललं होतं, हे मी म्हणत नाही, आत्याबाईंनीच एकदा शेजारणीला सांगितलं. मला मात्र तोंडावर कधी बोलल्या नाहीत.

त्याच सुमाराला शेवंता आली. माझ्या धाकट्या दिराची बायको, जामखेडकडची. हडकुळी पोर, दात जरा पुढं. पण गळा! अगं बाई, काय सांगू. ती कामाला बसून ओवी म्हणायला लागली की गल्लीतल्या बायका आपापली कामं घेऊन आमच्या ओसरीवर येऊन टेकायच्या. कुणी रेशनची लाल मिलो ज्वारी निवडतंय, कुणी गोधडीला टाके घालतंय. घरात दाणा नाही, विहिरीत थेंब नाही, आणि आमच्या ओसरीवर बायका हसतायत, डोळे पुसतायत. तिचा नवरा खडीवरून आला की आधी पाणी मागायचा नाही, 'म्हण की काहीतरी' म्हणायचा. देवीच्या देवळातूनही निरोप आला होता, नवरात्रात जागराला शेवंताला पाठवा म्हणून. तिला दुसरं काही नव्हतं हो. माहेर नावाला, अंगावर धड लुगडं नाही. गळा तेवढा होता.

मला आक्का म्हणायची. माझ्या मागं मागं असायची.

मीच तिला रंगवायला शिकवलं. भाजलेलं चित्र आधी फडक्यानं पुसायचं, राखेचा कणही राहता कामा नये. मग खडू आणि सरस कालवून पांढरा हात द्यायचा, आणि तो वाळेपर्यंत धीर धरायचा — नवीन माणसाला इथंच धीर निघत नाही. मग अंगाचा रंग. राक्षस हिरवे, निळे, काळे, माकडं गेरूची. मग धोतर. मग पिवळ्या मातीनं, पिवडीनं, दागिने. मग सुळे. मग जीभ, लाल, बाहेर लोंबणारी. आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळ्यांच्या कामाला आखणी म्हणतात. आखणी झाली की चित्र आपल्याकडं बघायला लागतं, तोवर ती नुसती माती. म्हणून घरातला सगळ्यात चांगला हात आखणीला बसतो. आमच्याकडं आखणीला मी बसायची. जिभाही मीच करायची.

जिभा मीच का करायची, ते सांगते. सांगते. जरा दम घेऊ द्या.

रंग बदलताना कुंचला पाण्यात धुवायचा असतो. आम्ही वाटीभर पाणी जवळ ठेवायचो. एक दिवस आत्याबाईंनी ती वाटी उचलली. "पोरांच्या घशाला कोरड पडली हाय, आन तुमी पान्यात रंग धुताय व्हय?" म्हणाल्या. खोटं काय होतं त्यात? मग आम्ही कुंचला फडक्याला पुसायचो आणि ओठात धरून टोक काढायचो. खडू, गेरू, काजळी — पोटात गेलं तर काय होतंय? जीभ पांढरी व्हायची, हिरवी व्हायची, आणि आम्ही एकमेकींना जीभ काढून दाखवून हसायचो.

पण जिभेच्या लालमध्ये शेंदूर असायचा. नुसत्या गेरूला तो भडकपणा येत नाही, म्हणून वडील गेरूत शेंदूर कालवायचे, आणि मीही तसंच करायची. करवंटीत कालवलेला तो रंग पाहून आत शेंदूर आहे हे कुणाला ओळखू यायचं नाही. वडिलांनी मला लहानपणीच बजावलं होतं: हा कुंचला वेगळा ठेवायचा, तोंडाला लावायचा नाही. शेंदूर पोटात गेला की माणसाचा गळा जातो. तिसगावच्या घरात हे एकट्या मला ठाऊक होतं. आत्याबाई मडकीवाल्या, शेवंताचं माहेर मडकीवालं. त्यांना त्या करवंटीतलं काय कळणार?

आता पुढचं.

एक दिवस मला ताप होता. शेवंतानं न विचारता एका रावणाची आखणी केली. दहा तोंडं, वीस डोळे, आणि प्रत्येक तोंडाची नजर वेगळी. एक रागावलेलं, एक घाबरलेलं, एक तर चक्क लाजलेलं. मी इतकी वर्षं करत होते, माझ्या रावणाची दहाही तोंडं एकसारखी बघायची. आत्याबाईंनी ते चित्र हातात घेतलं, उन्हाकडं धरलं, फिरवून फिरवून पाहिलं. आणि म्हणाल्या, "आजपास्नं डोळं शेवंता करंल."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गळाही तिचा, डोळेही तिचे — मग या घरात माझं काय? हा धंदा कुणी आणला? शेवंता माझ्याकडं बघत होती, ओशाळून. म्हणाली, "आक्का, तुमीच करा बरं का. मला न्हाई जमायचं."

तिच्या त्या गरीब स्वभावाचा मला जास्तच राग आला. मी लालची करवंटी तिच्यापुढं सरकवली. म्हटलं, डोळे करतेस तर जिभाही तूच कर. आणि शेंदराचा तो वेगळा कुंचला मी तिच्या बाकीच्या कुंचल्यांत टाकला.

बस. एवढंच केलं मी. हात उगारला नाही, शिवी दिली नाही. एक वाक्य बोलायचं होतं, ते बोलले नाही.

तिनं पहिली जीभ रंगवली, आणि टोक काढायला कुंचला ओठात धरला. मी समोर बसले होते. बघत होते. आता सांगू, पुढच्या चित्राला सांगू, असं मनात म्हणत होते — असं मी नंतर स्वतःला सांगत आले. खरं विचाराल तर मला नक्की आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की ती गात होती, आणि मी तिच्या ओठांकडं बघत होते.

गौरी आल्या, गेल्या. मग दिवाळीच्या किल्ल्यांसाठी चित्रं लागायची, काम वाढलं. नवरात्राच्या आधी शेवंताचा आवाज बसला. आधी सगळे हसले, चिंचा खाल्ल्या असतील म्हणून. मग तिच्या पोटात कळा यायला लागल्या, तोंडावरचा रंग उडाला. जागराला गेली, तर पहिल्याच ओळीला आवाज फाटला. तिनं पदर तोंडाला लावला आणि बाहेर आली. मी तिच्या शेजारीच बसलेली.

दृष्ट लागली असं मीच म्हणाले, आणि दृष्ट मीच काढली. मीठ-मिरच्या तिच्यावरून उतरवल्या. मिरच्या चुलीत टाकल्या. दृष्ट असली की ठसका उठत नाही म्हणतात. आमच्याकडं असा ठसका उठला की पोरं खोकत अंगणात पळाली. आत्याबाई खोकत खोकत माझ्याकडं बघून म्हणाल्या, "दृष्ट न्हाई ही. दुसरंच कायतरी हाय." मला वाटलं, आता यांना कळलं. आता माझं नाव घेतील. रात्रंदिवस तेच वाटायचं. कुणी नुसतं 'आक्का' अशी हाक मारली तरी मी दचकायची.

मग तिला नगरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. माझं माहेर तिकडं, म्हणून एसटीनं मीच घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस होता. घशात आरसा घालून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, पुन्हा हिरड्या पाहिल्या. मग विचारलं, "घरी काम काय करता? रंगबिंग हाताळता का?"

सुटायची वाट होती ती. समोर उघडी होती. रंग, एवढा एक शब्द म्हटला असता तर त्यानं पुढचं विचारलं असतं, औषध दिलं असतं. कदाचित गळा राहिला असता. पण पुढचं विचारलं असतं ना! कसला रंग, कोण कालवतं, तुम्हाला ठाऊक नव्हतं का? मी म्हणाले, "मडकी करतो आमी. मातीकाम."

शेवंतानं माझ्या दंडाला हात लावला. तिचे ओठ हलले. 'रंग बी' म्हणाली ती, मला दिसलं. पण आवाजच निघाला नाही, आणि डॉक्टर खाली मान घालून लिहीत होता. मी तिचा हात दाबून धरला. तिला वाटलं, आक्का नगरची, आक्काला कळतं काय सांगायचं ते. आणि ती गप्प बसली.

घरी आल्यावर मी लालची करवंटी तिच्याकडून काढून घेतली. म्हटलं, तू आजारी आहेस, जिभा मी करते. का ते सांगितलं नाही. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, जाऊ असावी तर अशी म्हणून. तिच्या कळा हळूहळू थांबल्या. गळा परत आला नाही. नुसती कुजबूज राहिली, कान लावून ऐकावी लागे अशी. हातालाही कंप राहिला, म्हणून आखणी पुन्हा माझ्याकडं आली. मी घेतली. पुढं कितीतरी वर्षं राक्षसांचे डोळे मीच काढले, एकसारखे.

भीतीनं काय काय केलं म्हणाल, तर घरचे शनिशिंगणापूरला निघाले की मी पोटदुखीचं सोंग घ्यायची. मारुतीच्या देवळावरून जाताना त्या शेंदराकडं बघायची नाही. शेवंताच्या पोरी तिला गाणं म्हण म्हणून गळ घालायच्या, तेव्हा मी उठून परड्यात जायची. कुणी कधी मला विचारलं नाही. कुणाला संशयही आला नाही. मला वाटायचं, कुणीतरी विचारावं. आणि कुणी तसं बोलायला लागलं की मी विषय बदलायची.

गेल्या थंडीत शेवंता गेली. दोघी म्हाताऱ्या, एका घरात, शेवटचं तिचं मीच करत होते. त्या दिवशी दुपारी मी तिला चमच्यानं पाणी पाजत होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं माझं मनगट धरलं आणि माझ्याकडं बघत काहीतरी बोलली. पुरं वाक्य होतं, चार-सहा शब्दांचं. मला ऐकू आलं नाही. कान तिच्या तोंडाशी नेला असता तर आलं असतं. मी नेला नाही. मी मान हलवली, जणू सगळं ऐकलं, आणि तिचं तोंड पुसून चमचा धुवायला आत गेले.

बाहेर आले तेव्हा ती गेली होती.