गोवराच्या लशीआधीचा प्रश्न

एग्मोरला परदेशी जाणाऱ्यांना लसी टोचतात, त्या छोट्या दवाखान्यात तुळसी बावीस वर्षं नर्स होती. तंजावरकडची मराठी बाई. घरी मराठी, बाहेर तमिळ. तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता.

त्या सकाळी ओरगडमच्या कार कारखान्यातला इंजिनिअर अनिकेत बायकोला, तनयाला, घेऊन आला. तीन दिवसांनी दोघं जर्मनीला निघणार होती. त्याला टोचून तुळसीनं इंग्रजीत बजावलं, "तिकडे रानात पाय झाकून फिरा, गोचीड चावतात." मग तनयानं बाही वर केली. दंडावर चार बोटांचे काळेनिळे वळ.

"ही गोवराची लस. दिवस गेलेत का?" तुळसीनं इंग्रजीतच विचारलं.

"नो," अनिकेतच म्हणाला.

तनया मराठीत पुटपुटली, "अहो, सांगा ना. बाळाला बाधेल."

नर्स तमिळ आहे असं धरून तो हसऱ्या चेहऱ्यानं मराठीतच बोलला, "तोंड उघडलंस तर कालच्यासारखी पोटात लाथ बसेल. लशीपायी जाणं लांबलं तर तिकडची नोकरी गेली. टोचून घे."

तुळसीनं भरलेली सिरिंज खाली ठेवली. "मज मराठी कळतें, बाळे," ती म्हणाली. "पोटुशीस ही लस देत नाहींत. तूं माझ्यामागें उभी राहा."

अनिकेतनं स्टीलचा ट्रे उचलून तिच्या कानशिलावर हाणला. ती फ्रिजवर आदळली, काचा फुटल्या. त्यानं तनयाचे केस धरून तिला दाराकडे फरफटवत नेलं. तुळसी रांगत गेली आणि तिनं त्याच्या मनगटात दात रोवले. तोंडात रक्त आलं. तो तिच्या डोक्यात, मानेवर बुक्के घालत राहिला. त्याच्या हातून केस सुटले, तरी तिनं मनगट सोडलं नाही. शेवटी वॉचमन वेंकटनं त्याला जमिनीवर पाडलं आणि पोलीस येईपर्यंत छातीवर गुडघा दाबून धरला.

अनिकेत महिन्याभरानं जामिनावर सुटला. जर्मनी मात्र हुकली. तनयाला भाऊ साताऱ्याला घेऊन गेला. बाळ सुखरूप होतं.

तुळसीचा उजवा कान कायमचा गेला. डोक्याला टाके घालून घरी आणलं, तेव्हा लेक नित्या रडत म्हणाली, "अम्मा, तूं भ्यालीस नाहीं कां?"

"फार भ्यालें," तुळसी म्हणाली. "म्हणून तर दांत सुटेनात."