पिठाच्या डब्यातली अमेरिका

चक्कीखालचं पीठ कितीबी झाडा, दुसऱ्या दिवशी तितकंच जमते. किस्स्यायचंबी तसंच हाये. चार बाया बसल्या की सांडतेच काही ना काही!

त ऐका. आटपाट नगर नव्हतं, आपलं साधं रिठद होतं. तिथं माह्या पोराची चक्की, अन् चक्कीच्या ओट्यावर दळणाची वाट पाहत बसणाऱ्या आमी चौघी. एक मी, सुभद्रा. दुसरी पद्माबाई, जैनाघरची, किराणा दुकानवाली. तिचा पोरगा अमेरिकेत. तिसरी शेवंताबाई, बौद्धाघरची. तिचा पोरगा वाशीमले नोकरीत. चौथी नूरबी, बांगड्यावाली, तोंडानं तिखट. आगगाडी पाहाची त आमाले वाशीमले जा लागते, पण अमेरिका रोज ओट्यावर येऊन बसते!

*

मले अमेरिका पहिल्यांदा भेटली ते भाकरीत. मी लहान होती. दुष्काळात राशनवर तिकडची लाल ज्वारी येत होती. भाकर थापली की फाटे, पण पोट भरे. माही आजी भारी देवभोळी. तिनं मास्तराले इचारलं, "त्या लोकायचा देव कोणता?"

मास्तर म्हणे, "येशू."

झालं! दिवा लावताना मारोतीच्या मागून येशूबाप्पाले हात जोडणं सुरू, अन् त्याच्या मागून अमेरिका सरकारले!

मंग शिवारात गाजरगवत माजलं. हात लागला की अंगभर खाज. कोणी सांगतलं, हे गवत तिकडच्या धान्यासंगंच आलं म्हणून. संध्याकाळी माय म्हणे, "आता येशूबाप्पाचं नाव काढून टाका."

आजी भडकली. "त्यानं काय केलं व? देव राहू दे, सरकार काढ!"

*

मक्यावर एक अळी पडते. तिचं सरकारी नाव 'अमेरिकन लष्करी अळी'. पहिल्यांदा आली तवा जीपवर भोंगा लावून गावात सांगत फिरले. भोंग्याची नुसती खरखर. अन् नूरबीच्या तोंडात 'ळ' बसत नाही, कानातबी नाही. तिनं ऐकलं, "अमेरिकन लष्कर आली!"

बांगड्याची टोपली कंबरेले लावून धावत आली. "मी सांगत होती ना! एक दिवस इथंबी येतील! टीवीत रोज पाहून राह्यली मी, मुसलमानाचा मुलुख दिसला की त्यायची इमानं सुटतात!"

मी म्हटलं, "अवं, पण रिठदात काय ठेवलं त्यायचं?"

"तेल! जिथं तेल तिथं ते!"

पद्माबाई उठली, दुकानात गेली, सोयाबीन तेलाचे सगळे डबे मागच्या खोलीत नेले अन् कुलूप लावून आली!

*

पद्माबाई दिवस बुडाल्यावर जेवत नाही, धर्म हाये तिचा. अमेरिका तिच्या मते चांगली. काहून? त पोराच्या गावात मंदिर हाये अन् बिनकांद्याचं जेवण भेटते! एक दिवस दुकानात गिऱ्हाइकाची गर्दी, दिवस बुडून गेला, ताट वाढलेलं तसंच. तितक्यात पोराचा व्हिडिओ कॉल. त्याच्या मागं लख्ख ऊन!

शेवंताबाई म्हणे, "घ्या पद्माबाई, पोराच्या उन्हात जेवून घ्या!"

पद्माबाईनं ताटाकडं पाहिलं, मोबाईलकडं पाहिलं. नुकतीच बातमी होती, अमेरिकेनं आपल्या मालावर मोठा कर बसवला म्हणून.

"नको बाई," म्हणे, "उद्या उन्हावरबी बसवतील!"

उपाशी झोपली, पण तिकडचं ऊन घेतलं नाही.

*

आता नूरबीच्या नातीचं सांगते. शबाना तिचं नाव. लेक वारली, तवापासून नूरबीनंच वाढवली. पोरगी लय हुशार. पाणी कसं तपासायचं, कसं शुद्ध करायचं, ते शिकली. पुढच्या शिक्षणाले अमेरिकेच्या एका कॉलेजनं बोलावलं, खर्चबी तेच करणार. पोरगी हरखली अन् नूरबीनं जेवण सोडलं!

नूरबी म्हणजे तिकडच्या कंपनीचं थंडंबी न पिणारी बाई. लग्नात कोणी बाटली पुढं केली त परत करे. "जे आमच्या लोकायवर बाँब टाकतात, त्यायच्या दारात माही पोरगी पाठवू?"

शबाना कोपऱ्यात रडून राह्यली होती. शेवंताबाई हळूच बोलली.

"नूरबी, माह्या मायले गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. आमचे बाबासाहेब तिकडं जाऊन शिकले अन् इकडं येऊन भांडले. आज मी नळावर तुह्या पुढं नंबर लावते का नाही?"

"लावतेस. अन् घुसतेसबी!"

"मंग? तुह्या पोरीले भांडायचंच असंल, त शिकून भांडू दे!"

नूरबी कितीतरी वेळ टोपलीतल्या बांगड्या सारख्या करत बसली. मंग शबानाले म्हणे, "जाय. पण त्यायचं ते काळं थंडं पिशील त टांग तोडीन!"

*

व्हिसाच्या टायमाले शबानानं सांगतलं, "नानी, मोबाईलवर कोणी काय लिहिलं, ते सगळं तपासतात तिकडचे."

पोरगी म्हणे 'लिहिलं'. नूरबीनं धरलं 'बोललं'! तिच्या मनानं घेतलं, का मोबाईल ऐकून राह्यला, अन् आपला एक शब्द वाकडा गेला की पोरीचं दार बंद.

त्या दिवसापासून ओट्यावर आली की पद्माबाईच्या मोबाईलवर वाकून मोठ्यानं म्हणे, "अमेरिका लय चांगली व माय! राजा लोक!"

पण पोटात किती वेळ राहणार? टीवीवर पुन्हा बाँब दिसले. नूरबीनं आमचे सगळ्यायचे, माह्या पोराचाबी, मोबाईल गोळा केले, माह्या पिठाच्या डब्यात टाकले, झाकण दाबलं, वरतून पोतं टाकलं. अन् मंग जी सुटली! तिकडच्या साहेबापासून त्याच्या इमानापर्यंत एकबी सोडला नाही.

मन मोकळं झालं तशी पदरानं तोंड पुसलं, झाकण उघडलं अन् डब्यात तोंड घालून म्हणे, "हां, त मी काय म्हणत होती? लय चांगला देश!"

माह्या पोराच्या मोबाईलवर अजूनबी हॅलो म्हटलं की पीठ उडते!

*

व्हिसा काही लवकर येईना. शबाना सुकली. नूरबी बायायच्या हातात भलत्याच मापाच्या बांगड्या चढवाले लागली. पद्माबाईनं एक वेळचं जेवण सोडलं, शेवंताबाईनं विहारात मेणबत्ती लावली, मी मारोतीले नारळ बोलली, अन् नूरबी नमाजावरून उठेना.

एक दिवस शबाना धावत आली. "मिळाला!"

मंग काय, कोणाचा देव पावला यावरून ओट्यावर भांडण! मारोती का विहार, उपास का नमाज?

नूरबी ओरडली, "चूप बसा व सगळ्या! डब्यानं काम केलं!"

*

शबाना गेली. पहिल्याच परीक्षेत वर आली. एका गोऱ्या म्हातारीच्या घरात राहते. म्हातारी दर रविवारी चर्चात जाते, अन् रमजानात शबानाले सहेरीच्या जेवणासाठी पहाटे तीच उठवते. शबानानं तिले आमच्या ओट्याचे सगळे किस्से सांगतले म्हणे.

परवा दोघी व्हिडिओवर आल्या. म्हातारीनं हात वर करून दाखवला. हातात नूरबीनं पाठवलेल्या हिरव्या बांगड्या! नूरबीच्या डोळ्यात पाणी आलं. पण बाई ते बाईच.

"शबाना, इचार तिले. तू इतकी चांगली, मंग तुमचं सरकार बाँब काहून टाकते?"

"नानी! मोबाईल!"

"इचार म्हणते ना!"

शबानानं इंग्रजीत इचारलं. म्हातारी हसली नाही. तिनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, ओठावर बोट ठेवलं. मंग मोबाईल उचलला. आमाले तिचं छत दिसलं, मंग पांढरं पीठ दिसलं, मंग अंधार. अन् झाकणाचा आवाज आला, खट्ट!

बाहेरून म्हातारी बोलत राह्यली, बोलत राह्यली. आमाले एक अक्षर समजलं नाही. नूरबी तेवढी मोबाईलले कान लावून मान डोलावत होती.

"बराबर बोलून राह्यली!"